नागीण ओळखायची कशी? आधी ठणका, मग एकाच बाजूला फोड

नागीण बहुतेक घरांत फोडांवरून ओळखली जाते. पण आजाराची सुरुवात फोडांनी होत नाही, दुखण्याने होते. कातडीवर काहीच दिसत नसताना बरगडीच्या एका बाजूला, कमरेपाशी किंवा अर्ध्या कपाळावर आग होते, ठणका लागतो, सुया टोचल्यासारखं होतं. दोन-तीन दिवसांनी त्याच जागी पुरळ उठतं. मधल्या काळात कुणी म्हणतं उसण भरली, कुणी म्हणतं गॅस धरला. फोड आले की काव लावून घ्यायला नेतात. त्यानेही राहिलं नाही, तर बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाऊच, तेव्हा दाखवू, असं ठरतं. पहिला फोड दिसल्यापासूनचे ७२ तास हा औषधाचा सगळ्यात जास्त उपयोग होण्याचा काळ असतो आणि तोच असा हातचा जातो. मराठवाड्यात नागिणीने होणारे हाल पुष्कळदा या उशिराने वाढलेले असतात.

हा आजार येतो कुठून

लहानपणी कांजिण्या झाल्या की त्यांचा विषाणू बरं झाल्यावरही शरीरातून जात नाही. मणक्यालगत आणि डोक्यात मज्जातंतूंच्या ज्या गाठी असतात, त्यांत तो वर्षानुवर्षं निपचित पडून राहतो. वय वाढलं, मधुमेह असला, कॅन्सरचे उपचार चालू असले, स्टिरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या, एचआयव्ही असला किंवा अवयव प्रत्यारोपण झालेलं असलं की प्रतिकारशक्ती उतरते आणि तो एखाद्या गाठीत जागा होतो. तिथून त्या एका मज्जातंतूच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. म्हणून दुखणं आधी आणि पुरळ नंतर. पुरळ पट्ट्यासारखं, एकाच बाजूला असतं ते याच कारणाने. मणक्यातून निघणारी मज्जातंतूंची प्रत्येक जोडी अंगाचा ठरावीक पट्टा सांभाळते, डावा तंतू डावीकडचा आणि उजवा उजवीकडचा. हे पट्टे कातडीवर नेमके कुठे येतात याचा नकाशा हेन्री हेड आणि कॅम्पबेल या डॉक्टरांनी १९०० साली मांडला, तोही नागिणीच्या रुग्णांचाच अभ्यास करून.

कांजिण्या झाल्याचं आठवत नाही, म्हणून नागीण नसेल असं समजू नका. जुन्या माणसांच्या बोलण्यात गोवर, कांजिण्या, देवी ही नावं एकमेकांत मिसळलेली असतात, आणि लहानपणीचा हलका आजार कुणाच्याच लक्षात राहत नाही. पन्नाशीनंतर धोका वाढत जातो, पण तरुणांना आणि क्वचित लहान मुलांनाही नागीण होते.

पहिली पायरी: दुखणं नीट विचारून घ्या

"दुखतंय" एवढ्यावर थांबू नका. आग होतेय की ठणकतंय, मुंग्या येतात की खाज सुटते, मधूनच चमक मारते का, हे एकेक विचारा. मग सगळ्यात उपयोगी प्रश्न विचारा: "आई, तिथं लुगडं लागलं तरी झोंबतं का?" किंवा "तात्या, सदरा घासला तरी कळ येते का?" दाबल्यावर दुखणं हे उसणीतही असतं. पण नुसत्या कापडाच्या स्पर्शाने, पंख्याच्या वाऱ्याने आग होणं हे मज्जातंतूचं दुखणं असल्याची मोठी खूण आहे. त्यासोबत डोकं दुखणं, अंग मोडून येणं, थकवा, उजेड सहन न होणं, कधी बारीक ताप अशी तक्रार असू शकते.

पुरळाआधीचं हे दुखणं साधारण एक ते पाच दिवस टिकतं. या काळात चकवा फार बसतो. उजव्या बरगडीखाली असेल तर पित्ताशयाचा खडा वाटतो, कमरेच्या बाजूला असेल तर मुतखडा, पायात उतरत असेल तर सायटिका, जबड्यात असेल तर दाढ. म्हणून असं दुखणं सुरू झालं की दिवसातून दोनदा ती जागा उघडी करून पाहायची.

छातीचं दुखणं मात्र वेगळं धरा. छातीत दुखतंय आणि सोबत घाम, धाप, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ असेल, तर फोडांची वाट पाहत बसायचं नाही. १०८ला फोन करून आधी दवाखाना गाठायचा. तिथे हृदयाचं काही नाही असं निघालं तर उत्तमच.

दुसरी पायरी: पाहणी उजेडात करा

वयस्क बायका पुरळ दाखवत नाहीत. स्तनाखाली, कमरेवर, मांडीवर असेल तर चार-चार दिवस पदराआड ठेवतात आणि "काही नाही, घामोळं आहे" म्हणून सांगतात. लेकीने किंवा सुनेने अंघोळीच्या वेळी आपण होऊन पाहावं. पुरुषांच्या बाबतीत पाठ राहून जाते, कारण पुढचे फोड दिसतात आणि मागे मणक्यापाशी सुरुवात झालेली असते ती कुणी बघत नाही.

दिवसाच्या उजेडात, दारात किंवा खिडकीशी उभं करून पाहा. मणक्यापासून सुरुवात करा, बगलेखालून पुढे छातीच्या किंवा पोटाच्या मध्यापर्यंत या. मग हाच भाग दुसऱ्या बाजूला पाहा. डोकं असेल तर केसांत भांग पाडत पाहा. अर्ध्या डोक्याला फणी लागू देत नाही, ही तक्रार केसांतल्या नागिणीत नेहमीची असते. तोंडात असेल तर टाळूच्या किंवा जिभेच्या एकाच अर्ध्या भागात चट्टे दिसतात.

रंगावर भरवसा ठेवू नका. पुस्तकांतली आणि मोबाइलवरची बरीच चित्रं गोऱ्या कातडीची असतात, त्यांत लालभडक पट्टा दिसतो. सावळ्या आणि काळ्या अंगावर ती लाली तपकिरी, जांभळट किंवा नुसती काळपट दिसते, कधी दिसतही नाही. म्हणून हाताने न दाबता, तिरप्या उजेडात उंचवटे बघा. लहान-लहान पुंजके आणि त्यांतले पाण्याचे थेंब भरल्यासारखे फोड ही खूण कुठल्याही रंगाच्या कातडीवर सारखीच असते.

मोबाइलवर रोज एक फोटो काढून ठेवा. डॉक्टरांना पहिला फोड कोणत्या दिवशी दिसला हे अचूक कळतं आणि आजार पसरतोय की सुकतोय हेही.

तिसरी पायरी: फोडांचा क्रम जुळतो का ते पाहा

आधी तांबूस किंवा काळपट डाग उठतात. त्यांवर बारीक पुटकुळ्या येतात आणि साधारण दिवसाभरात त्यांत स्वच्छ पाणी भरतं. हे फोड एकेकटे विखुरलेले नसतात, घोळक्याने येतात. एक घोळका, मध्ये थोडी चांगली कातडी, मग दुसरा घोळका. पुढचे तीन ते पाच दिवस नवे घोळके येत राहतात. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून आतलं पाणी गढूळ होतं, काही फोड फुटतात. सात ते दहा दिवसांत खपल्या धरतात आणि दोन ते चार आठवड्यांत त्या पडून जातात. मागे काळे किंवा पांढरे डाग काही महिने राहू शकतात.

या सगळ्यात निर्णायक गोष्ट म्हणजे मधली रेघ. पाठीचा कणा आणि पुढे छातीपासून बेंबीपर्यंत खाली येणारी मध्यरेषा, यांच्या पलीकडे पुरळ जात नाही. एखादा फोड किंचित ओलांडलेला दिसेल, पण पट्टा अर्ध्यावरच थांबतो. निम्म्याहून अधिक रुग्णांत तो छाती-पाठीवर असतो. स्तनाग्राच्या पातळीला, बेंबीच्या पातळीला, करदोडा बांधतो त्या कमरेला अशा आडव्या रेषेत तो सापडतो. हातावर किंवा पायावर आला तर मात्र आडवा पट्टा दिसत नाही, लांबट ओघळ दिसतो. तिथे एकाच हाताला किंवा एकाच पायाला आहे, एवढीच खूण धरायची.

काही जणांना दुखणं येतं आणि फोड येतच नाहीत. अशी बिनफोडांची नागीण घरी ओळखता येत नाही, डॉक्टरांनाही तपासण्या केल्याशिवाय ठामपणे सांगता येत नाही.

सारखं दिसणारं, पण नागीण नसलेलं

आपल्या भागात पहिला संशय बिब्ब्याचा घ्यावा. दुखऱ्या जागी बिब्ब्याचा चटका देण्याची किंवा तेल लावण्याची रीत अजून आहे. त्याच्या रसाने कातडी भाजते, काळी पडते आणि कडेने फोड येतात. लावलं होतं का, हे स्पष्ट विचारा, कारण म्हातारी माणसं आपण होऊन सांगत नाहीत. कधी दोन्ही गोष्टी एकत्र असतात: आतून नागिणीचा ठणका सुरू झाला, उसण समजून वरून बिब्बा लावला, आणि मग खरं पुरळ कुठलं हेच कळेनासं होतं. उसणीसारखं दुखणं नवीन असेल तर तिथे बिब्बा, गरम वीट, झोंबणारा बाम काही लावू नका.

पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा काळा-नारिंगी, मुंगीसारखा लांबट किडा अंगावर चिरडला गेला तर त्याच्या स्रावाने कातडी भाजल्यासारखी होते. एक-दोन दिवसांत लांब ओरखडा उठतो, त्यात पाणी किंवा पू भरतो आणि लोक त्याला हमखास नागीण म्हणतात. फरक असा की आधी दोन दिवस दुखलेलं नसतं, रेघ कुठल्याही दिशेला वाकडी असते, आणि कोपराच्या घडीत असेल तर घडीच्या दोन्ही बाजूंना एकमेकांना भिडणारे तसेच डाग उमटतात.

एप्रिल-मेच्या उन्हात घामोळं असतं, ते दोन्ही बाजूंना, बारीक, खाजरं. गाजरगवताची ॲलर्जी चेहरा, मान, हात अशा उघड्या भागांवर येते, खाज जास्त आणि दोन्हीकडे. खरूज बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेवर, रात्री जास्त खाजते आणि घरात आणखी कुणाला तरी असते. ओठावर किंवा गुप्तांगावर त्याच त्या जागी दर काही महिन्यांनी छोटा फोडांचा घोळका येत असेल तर ती दुसऱ्या जातीची नागीण, म्हणजे साधा हर्पिस असतो. त्याचे उपचार आणि औषधाचं प्रमाण वेगळं.

त्याच दिवशी दवाखाना गाठायचा तो कधी

नागिणीचा संशय आला की डॉक्टरांना दाखवायचंच. पण पुढच्या खुणा दिसल्या तर उद्यावर टाकायचं नाही:

- कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड. नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याच्या आतल्या भागाला एकाच तंतूच्या फांद्या जातात, म्हणून तिथला एक फोडसुद्धा डोळा धोक्यात असल्याचा इशारा आहे. डोळा लाल नसला, नीट दिसत असलं तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ हवा. उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते.
- कानात किंवा कानाभोवती फोड आणि सोबत तोंड एका बाजूला वाकडं होणं, ऐकू कमी येणं, चक्कर. याला वारं गेलं समजून मालिश करत बसू नका.
- पट्ट्याबाहेर अंगभर फोड. वीसहून अधिक फोड दूरवर विखुरलेले असतील तर आजार रक्तावाटे पसरलेला असू शकतो.
- खूप ताप, बरळणं, मान आखडणं, सतत उलट्या, झोपेतून जागं न होणं.
- बसायच्या जागी किंवा गुप्तांगाजवळ फोड आणि लघवी अडकणं.
- रुग्ण गरोदर आहे, कॅन्सरचे उपचार चालू आहेत, किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू आहेत.

कुठे जायचं, काय सांगायचं

अंगावरची साधी नागीण ओळखून औषध सुरू करणं प्राथमिक आरोग्य केंद्राच्या किंवा ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांना जमतं. थेट त्वचारोगतज्ज्ञाचाच नंबर लागेल तोवर थांबू नका. औषध सुरू करून मग पुढे दाखवता येतं. गुंतागुंत असेल तर संभाजीनगरचं घाटी हे सरकारी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं इथे त्वचा आणि डोळ्यांचे विभाग आहेत. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांना विशेष सांगणं: नागीण फडावर निघाली तर गावाकडे परतण्याची गरज नाही. कारखान्याजवळचं जे सरकारी आरोग्य केंद्र असेल तिथेच दाखवा. प्रवासात दोन दिवस गेले की ७२ तासांतले थोडेच उरतात.

डॉक्टरांना चार गोष्टी न विचारता सांगा: दुखणं कधी सुरू झालं, पहिला फोड कधी दिसला, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे का, आणि कोणती औषधं चालू आहेत. मूत्रपिंडाचं विशेष सांगा, कारण त्यानुसार औषध कमी करावं लागतं. बहुतेक वेळा नुसतं पाहूनच निदान होतं. शंका असेल तर फोडातल्या पाण्याची पीसीआर तपासणी करता येते.

असायक्लोविर, व्हॅलासायक्लोविर, फॅमसायक्लोविर ही यावरची औषधं. असायक्लोविर मोठ्या माणसांत सहसा ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात ते दहा दिवस देतात. पाच वेळा म्हटलं की घरात तीन वेळाच घेतली जाते. डॉक्टरांनी पाच सांगितल्या असतील तर सकाळी ६, सकाळी १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १० अशा वेळा भिंतीवर लिहून ठेवा, सोबत पाणी भरपूर प्यायला द्या. ओठावरच्या हर्पिससाठी कुणाला दिलेली उरलेली गोळी यात चालत नाही, तिचं प्रमाण कमी असतं. नुसतं असायक्लोविरचं मलम लावून नागीण आटोक्यात येत नाही. मेडिकलवर मिळणारी स्टिरॉइड मिसळलेली मलमं तर लावूच नयेत. ७२ तास उलटले असतील तरी जायचंच: नवे फोड येत असतील किंवा डोळ्याचा प्रश्न असेल तर औषधाचा तेव्हाही उपयोग होतो.

तरुण माणसाला नागीण झाली, वारंवार झाली किंवा फार पसरली, तर डॉक्टर साखर आणि एचआयव्ही तपासायला सांगतील. सरकारी आयसीटीसी केंद्रात ही एचआयव्ही तपासणी मोफत होते आणि गोपनीय राहते. यात संशय घेण्याचा किंवा लाजण्याचा प्रश्न नाही.

तोंड आणि शेपटीची भीती

नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो, ही भीती गावोगाव आहे, आणि त्या भीतीपोटीच लोक आधी उतरवणाऱ्याकडे पळतात. पट्टा पूर्ण वेढा घालत नाही, कारण एका बाजूचा तंतू दुसऱ्या बाजूला जातच नाही. क्वचित, प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या माणसात दोन्ही बाजूंना फोड येतात. तिथे धोका वेढ्याचा नसतो, खालावलेल्या प्रकृतीचा असतो, आणि तो रुग्णालयातच सांभाळायचा असतो.

उतरवल्याने बरं वाटलं असं सांगणारी माणसं खोटं बोलत नाहीत. साधी नागीण दोन ते चार आठवड्यांत आपली आपण सुकते, मग त्या काळात जे काही केलं त्याला गुण येतो. प्रश्न मागे उरणाऱ्या दुखण्याचा आणि डोळ्याचा आहे, तो मंत्राने सुटत नाही. घरातल्या थोरांशी यावरून वाद घालू नका. "आजी, देवाचं करू, पण आधी गोळी सुरू करून येऊ" एवढं म्हटलं तरी बहुतेक ऐकतात. काव, शेण, राख, चुना यांचा लेप मात्र अडवा. फुटलेल्या फोडांत जंतू जातात, आणि लेपाखालचं पुरळ डॉक्टरांना दिसतच नाही.

घरची काळजी आणि इतरांचा बचाव

अंघोळ बंद करू नका. टँकरचं किंवा साठवलेलं पाणी असेल तर फोडांची जागा धुण्यापुरतं उकळून गार केलेलं पाणी वापरा, टिपून कोरडं करा, घासू नका. आग होत असेल तर स्वच्छ ओल्या कापडाची गार पट्टी दहा-पंधरा मिनिटं ठेवा, कॅलामाइन लोशनही चालतं. सैल सुती कपडा घाला, नखं कापा, फोड फोडू नका. मीठ-तिखट बंद, एकवेळ जेवण अशी पथ्यं मधुमेही आणि वयस्क माणसाला उलट अशक्त करतात. नेहमीची भाकरी-भाजी खाऊ द्या.

नागीण एकाची दुसऱ्याला होत नाही. पण ज्याला कांजिण्या झाल्या नाहीत किंवा लस मिळालेली नाही, त्याला फोडांतल्या पाण्यातून कांजिण्या होऊ शकतात. म्हणून सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत जागा झाकून ठेवा, टॉवेल-पांघरूण वेगळं ठेवा, आणि गरोदर बाई, तान्हं बाळ, कॅन्सरचा रुग्ण यांना जवळ येऊ देऊ नका. बाळंतपणाला माहेरी आलेली लेक घरात असेल तर हे आधी पाहा.

फोड गेले, दुखणं राहिलं

पुरळ उठल्यापासून तीन महिन्यांनंतरही त्याच पट्ट्यात आग, चमक, कापड सहन न होणं राहिलं, तर ते नागिणीनंतरचं मज्जातंतूचं दुखणं आहे. साठीनंतर त्याचं प्रमाण वाढतं, आणि सुरुवातीचा ठणका जितका जोरात तितकी त्याची शक्यता जास्त. साध्या वेदनाशामक गोळ्यांनी ते फारसं कमी होत नाही. गॅबापेंटिन, प्रीगाबालिन, ॲमिट्रिप्टिलिन अशी वेगळी औषधं लागतात, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कारण वयस्कांना त्यांनी झापड आणि चक्कर येते. बाहेरून कातडी स्वच्छ दिसते म्हणून घरचे "आता काय दुखतंय" असं म्हणतात. दुखतं, आणि झोप जाते, जेवण जातं. त्याला परत दवाखान्यात न्या.

नागीण टाळणारी लसही आहे. शिंग्रिक्स ही लस भारतात २०२३पासून पन्नाशीपुढच्यांसाठी मिळते. दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. सरकारी लसीकरणात ती नाही, खाजगीत घ्यावी लागते आणि महाग आहे. त्यामुळे घरात सगळ्यांना जमणार नसेल, तर ज्या वयस्क माणसाला मधुमेह आहे किंवा प्रतिकारशक्ती कमी आहे त्याच्याबद्दल आधी डॉक्टरांशी बोला. एकदा नागीण होऊन गेलेल्यालाही ती देता येते, पण पुरळ पूर्ण बरं झाल्यावर.